ट्रॅकरवर ठेका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा हिशेबाची नोकरी आणि रात्री हेडफोन लावून ट्रॅकर, म्हणजे संगणकावर संगीत लिहायचा प्रोग्राम, असा माझा उद्योग आहे. संगीतातून पैसे मिळत नाहीत, मिळवायचेही नाहीत. ज्यांनी माझे तुकडे ऐकले त्यांच्याकडून आणि नव्याने ट्रॅकर उघडून गांगरलेल्यांकडून तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. ताल आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) यांवरची उत्तरं लांबली आहेत, कारण माझा खरा जीव तिथेच रमतो.

ट्रॅकर म्हणजे नेमकं काय? पडद्यावर तर एक्सेलची शीट दिसते.

दिसते खरी, आणि मला तरी त्यात काही गैर वाटत नाही. प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक चॅनेल. आडव्या ओळीत प्रत्येक चॅनेलसाठी चार गोष्टी लिहायच्या: कोणता सूर, कोणत्या क्रमांकाचा आवाज, किती मोठ्याने, आणि शेवटी हवी तर एक तीन अक्षरी आज्ञा. ओळी वरून खाली सरकत जातात आणि जी ओळ मधोमध येते ती वाजते. अशा ६४ ओळींचा मिळून सहसा एक पॅटर्न होतो. कोणता पॅटर्न कशानंतर वाजवायचा याची यादी वेगळी असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती फार जणांना ठाऊक नसते. ट्रॅकरच्या फाइलमध्ये आवाज आणि लिपी दोन्ही एकत्र असतात. कुणाचीही फाइल उघडा, त्याने प्रत्येक सूर कसा लिहिला ते पूर्ण उघडं दिसतं. मी बहुतेक सगळं इतरांच्या फाइली उघडून शिकले.

हे आलं कुठून?

१९८७ मध्ये जर्मनीतल्या कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा या संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ केला, तिथून. अमिगात पॉला नावाची चिप होती. तिला चार चॅनेल, तेही ८ बिटचे. दोन डाव्या कानात, दोन उजव्या. एवढ्यात तालवाद्यं, बेस आणि चाल सगळं बसवायचं. विकायला काढलेला तो प्रोग्राम फारसा चालला नाही, पण पोरांनी तो उलगडला, दुरुस्त केला आणि आपापल्या आवृत्त्या काढल्या. स्वीडनमध्ये १९८९ साली नॉइजट्रॅकर आला, मग प्रोट्रॅकर.

पुढे हे पीसीवर आलं. स्वीडनच्या ट्रायटन गटाचा फास्टट्रॅकर २ (१९९४), फिनलंडच्या फ्यूचर क्रूचा स्क्रीमट्रॅकर ३ (तोही १९९४) आणि ऑस्ट्रेलियातल्या जेफ्री लिम यांचा इम्पल्स ट्रॅकर (१९९५) हे त्यातले मोठे. या सगळ्यामागे ‘डेमोसीन’ होती, म्हणजे कमीत कमी जागेत चित्र आणि संगीत दाखवून एकमेकांवर कडी करणारी युरोपातली तरुण मंडळी. फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. संगणकावरच्या खेळांमध्येही हे संगीत गेलं. १९९८ चा ‘अनरियल’ ज्यांनी खेळला त्यांनी ट्रॅकरचं संगीत तासन् तास ऐकलेलं आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही.

तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता? विकत घ्यावं लागतं का?

ओपनएमपीटी. विंडोजवर चालतं, फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. मॅक किंवा लिनक्स असेल तर मिल्कीट्रॅकर घ्या, तोही फुकट. रिनॉइज देखणा आहे पण विकतचा. फोनवर करायचं तर सनवॉक्स. संगणकावर त्याला पैसे पडत नाहीत, फोनवर पडतात. हातात धरायचे ट्रॅकरही हल्ली मिळतात, पोलिश कंपनीचा पॉलीएंड ट्रॅकर मिनी किंवा डर्टीवेव्हचा एम८, पण त्यांच्या किमतीत एक बरी तबलाजोडी येईल. मी तबलाजोडी घेतली.

खाली दिलेल्या सगळ्या आज्ञा एक्सएम, म्हणजे फास्टट्रॅकर २ च्या, प्रकारच्या फाइलसाठी आहेत. इम्पल्स ट्रॅकरच्या फाइलमध्ये अक्षरं वेगळी असतात, तेव्हा जशाच्या तशा तिथे लिहून ‘चालत नाही’ म्हणून मला कळवू नका.

ताल कसा बसवता?

तीनतालाच्या १६ मात्रा. एका मात्रेला चार ओळी दिल्या की १६ चोक ६४. म्हणजे ओबार्स्कींच्या पॅटर्नमध्ये तीनतालाचं एक आवर्तन काठोकाठ बसतं. त्यांच्या मनात अर्थातच चार-चार ठोक्यांचं पाश्चात्त्य संगीत होतं, पण आपलं काम झालं. ओळींची मोजणी शून्यापासून होते. सम, म्हणजे पहिली मात्रा, शून्याव्या ओळीवर, दुसरी टाळी १६ वर, काल (टाळी न देण्याची जागा) ३२ वर, तिसरी टाळी ४८ वर. ओपनएमपीटी दर सोळाव्या ओळीला गडद रंग देतं, म्हणजे विभाग आपोआप आखून मिळतात. शाळेत असताना ज्यांनी वहीत समेला फुली, कालाला शून्य आणि टाळ्यांना २, ३ असं भातखंडे पद्धतीने लिहिलं असेल, त्यांना ट्रॅकर दोन दिवसांत येतो. आडवं लिहायचे ते उभं लिहायचं, एवढाच काय तो फरक.

बाकीच्या तालांसाठी पॅटर्नची लांबी बदला. झपतालाला ४० ओळी, विभाग ०, ८, २० आणि २८ वर. रूपकाला २८ ओळी, विभाग ०, १२ आणि २० वर. एकतालाला ४८, दादऱ्याला २४. अमिगाच्या काळातल्या मॉड प्रकारच्या फाइलमध्ये पॅटर्न ६४ ओळींचाच असतो. तिथे झपताल हवा तर ३९ व्या ओळीवर ‘डी००’ लिहून पॅटर्न तिथेच तोडायचा.

तबला आणि डग्गा यांना दोन वेगळे चॅनेल द्या. हे अत्यंत महत्त्वाचं आहे. एका चॅनेलमध्ये एका वेळी एकच आवाज वाजतो, नवा आला की जुना तुटतो. तबल्यावर हे सोयीचं पडतं, कारण खऱ्या पुडीवरही बंद बोल वाजला की आधीची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, थांबते. ‘धा’ म्हणजे एकाच ओळीत तबल्याच्या चॅनेलला ‘ना’ आणि डग्ग्याच्या चॅनेलला ‘घे’. कालावर डग्ग्याचा रकाना रिकामा सोडला की ‘ता’. ठेका तर डोळ्यांनीच वाचता येतो.

लय कशी ठरते? १२५ आणि ६ हे आकडे काय आहेत?

ट्रॅकरमधली प्रत्येक ओळ आणखी बारीक टिकांमध्ये विभागलेली असते. टेम्पो १२५ असेल तर एक टिक २० मिलिसेकंदांची. स्पीड ६ म्हणजे एका ओळीत सहा टिका, म्हणून ओळ १२० मिलिसेकंदांची आणि चार ओळींची मात्रा ४८० मिलिसेकंदांची. मिनिटाला १२५ मात्रा, बऱ्यापैकी चढी मध्यलय.

विलंबित एकताल हवा तर टेम्पोशी झगडू नका. मात्रेला सोळा ओळी द्या, १२ मात्रांच्या १९२ ओळी होतील. एक्सएममध्ये पॅटर्न २५६ ओळींपर्यंत जातो. स्पीड १२ करा, ‘एफ०सी’ लिहून (इथे सी म्हणजे बारा, खाली हेक्साडेसिमलच्या उत्तरात पाहा). मात्रा ३.८४ सेकंदांची होते आणि मधल्या भरावाला जागाच जागा मिळते.

चौपट ठीक आहे, पण एका मात्रेत तीन अक्षरं कशी बसवायची?

हा माझा आवडता प्रश्न. मात्रेच्या चार ओळी, प्रत्येकी सहा टिका, एकूण २४. तीन समान भाग करायचे तर प्रत्येक अक्षर आठ टिकांवर आलं पाहिजे: ०, ८ आणि १६. आठवी टिक म्हणजे दुसऱ्या ओळीतली दोन टिका उलटल्यानंतरची जागा. सोळावी म्हणजे तिसऱ्या ओळीतली चार टिकांनंतरची. सूर उशिरा सुरू करण्याची आज्ञा आहे ‘ईडी’, तिच्यापुढे किती टिका ते लिहायचं. म्हणून:

पहिली ओळ: बोल, आज्ञा नाही.
दुसरी ओळ: बोल, ‘ईडी२’.
तिसरी ओळ: बोल, ‘ईडी४’.
चौथी ओळ: रिकामी.

तिस्र अगदी काट्यावर येतं. पूर्ण आवर्तनच तिस्रात असेल तर हा खटाटोप नको. मात्रेला तीन ओळी घ्या आणि ‘एफ०८’ ने स्पीड ८ करा. तीन आठे चोवीस, मात्रेची लांबी तीच राहते.

तिहाई?

एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं म्हणजे तिहाई. ती उलटी मोजा. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा घेऊ, शेवटचा धा पाचव्या मात्रेवर. बेदम, म्हणजे मध्ये न थांबता, तीनदा म्हणायचा. तीनतालात तो तिसऱ्या मात्रेपासून उचलला तर समेवर येतो. ओळींत सांगायचं तर तुकडा ८, २८ आणि ४८ व्या ओळीवर सुरू करा. धा येतील २४, ४४ आणि ६४ वर. आता ६४ वी ओळ या पॅटर्नमध्ये नाहीच, ती पुढच्या पॅटर्नची शून्यावी ओळ. नवखे लोक इथे अडतात आणि शेवटचा धा कुठे ठेवू असं विचारतात. पुढच्या पॅटर्नच्या पहिल्याच ओळीत ठेवायचा, कारण समेचा धा पुढच्या आवर्तनाचा असतो. गुरुजी तोंडाने हेच सांगत असतात, ट्रॅकरमध्ये ते डोळ्यांना दिसतं.

मींड कशी काढता? एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारल्यासारखं होतं.

आज्ञा ‘३’. नव्या सुराशेजारी ती लिहिली की आवाज नव्याने सुरू होत नाही, चालू असलेलाच त्या सुराकडे सरकतो आणि पोहोचला की आपोआप थांबतो. पुढचे दोन अंक सरकण्याचा वेग: प्रत्येक टिकेला तेवढे सोळांश अर्धस्वर. ओळीतली पहिली टिक यात धरत नाहीत, म्हणून स्पीड ६ वर पाच टिकाच मोजायच्या.

सा पासून शुद्ध ग चार अर्धस्वर दूर. ‘३०४’ लिहिलं तर एका ओळीत सव्वा अर्धस्वर कापला जातो आणि चौथ्या ओळीत आपण गंधारावर असतो. हिशेब बरोबर, पण ऐकायला लिफ्ट वर गेल्यासारखं वाटतं. गळा असा एकसारखा सरकत नाही. तो सुरातून निघताना रेंगाळतो, मध्ये पळतो, पोहोचताना परत सावकाश होतो. म्हणून चार ओळींत ३०२, ३०५, ३०४, ३०२ असं लिहा. अंतर तेवढंच, बेरीज जमते, आणि मींड ऐकू येते. हे आकडे पाठ करू नका. चार ओळी रिकाम्या घ्या, स्वतः गाऊन पाहा, जिथे आपला आवाज रेंगाळतो तिथला आकडा लहान करा.

दरबारी रागातल्या कोमल गंधाराच्या आंदोलनासाठी तयार व्हायब्रेटोची, म्हणजे सूर थरथरवण्याची, आज्ञा मी वापरत नाही. ती सुराच्या दोन्ही बाजूंना सारखी हलते, आणि दरबारीचा गंधार खालच्या अंगाने झुलतो. ‘२०१’ दोन ओळी खाली, ‘१०१’ दोन ओळी वर, असं हाताने लिहिते. डग्ग्यावरची मनगटाची घिस्सासुद्धा याच दोन आज्ञांतून निघते, फक्त आकडे बरेच मोठे लागतात.

सूर पेटीसारखे सपाट नाही का येत?

काही केलं नाही तर येतात. शुद्ध गंधाराची कंपनसंख्या षड्जाच्या बरोबर सव्वापट असायला हवी; पेटीचा आणि संगणकाचा गंधार त्याहून सुमारे ०.८ टक्के चढा असतो. तंबोरा चालू असताना हा फरक कानाला टोचतो.

एक्सएममध्ये प्रत्येक आवाजाला ‘फाइनट्यून’ असतो, अर्धस्वराचे १२८ भाग. मी त्याच आवाजाच्या प्रती करते: गंधारासाठी उणे १८, धैवतासाठी उणे २०, निषादासाठी उणे १५. मग ग लिहिताना ग वाली प्रत निवडायची. कंटाळवाणं आहे, पण रागाला लागणाऱ्या दोन-तीन प्रतींवर भागतं. हे आकडे जाडजूड सुरुवात म्हणून घ्या. राग बदलला की गंधार बदलतो, तेव्हा शेवटी कानाचं ऐकायचं. ओपनएमपीटीच्या स्वतःच्या फाइल प्रकारात अख्खं स्वरसप्तक आपल्या मापाने लावता येतं, ते ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं.

आणखी एक सवय: सगळे आवाज असे लावून घेते की ट्रॅकरमधला ‘सी’ हा सूर म्हणजे कायम सा. तुकडा काळी एकमध्ये असो की पांढरी चारमध्ये, पडद्यावर मला सरगमच दिसते.

आवाज कुठून आणता?

घरी ध्वनिमुद्रित करते. पंखा बंद, फोन तबल्यापासून हातभर दूर. प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि जोरात असा तीनदा. जोरातला ‘ना’ आवाज कमी करून वाजवला तर तो हलका ‘ना’ होत नाही, त्याचा पोतच वेगळा असतो. मग प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीची शांतता कापून टाकायची, अगदी थापेच्या पहिल्या हालचालीपर्यंत. इथे आळस केला तर पुढे ताल सारखा मागे पडतो आणि दोष कशाचा ते सापडत नाही.

पेटीचा एकच सूर घेऊन तो सप्तकभर ताणू नका, आवाज कार्टूनसारखा होतो. दर तीन-चार पट्ट्यांना एक नमुना घ्या.

तंबोऱ्याच्या चार तारांना चार चॅनेल लागतात, नाहीतर एक तार दुसरीची आस खाते. आणि तारा मात्रांवर ठेवू नका. तंबोरा तबल्याच्या लयीत छेडला तर तो तंबोरा राहत नाही. मी ६४ ओळींत ०, १३, २६ आणि ३९ वर छेडते आणि खर्जानंतर उरलेली जागा मोकळी सोडते.

जुन्या गाण्यातला तुकडा उचलला तर?

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. पण चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं. त्यामुळे ‘तबकडी जुनी आहे’ एवढं पुरत नाही. ठेका कुणाच्या मालकीचा नाही, कुणीतरी वाजवून मुद्रित केलेला ठेका मात्र आहे. मी उचलत नाही, आणि तुम्हीही शेजारच्या वादकाला चहा पाजून दहा बोल मुद्रित करून घ्या असं सांगेन.

हेक्साडेसिमल यायला हवं का? माझं गणित कच्चं आहे.

आज्ञांमधले आकडे या पद्धतीने लिहितात, एवढंच. नऊनंतर दहाऐवजी ए, मग बी, सी, डी, ई, एफ. आणि एफनंतर जे १० लिहितात ते आपलं सोळा. बस. तीनतालवाल्यांना तर हे फारच सोयीचं: ओळींचे क्रमांक या पद्धतीने दाखवायला लावलेत तर चारही विभाग ००, १०, २०, ३० वर येतात.

यंत्राने वाजवल्यासारखं वाटतं. जीव कसा आणता?

बहुतेक वेळा दोष वेळेत नसतो, आवाजाच्या चढउतारात असतो. सगळे बोल एकाच जोराने लिहिलेले असतात. आवाजाची वरची मर्यादा ६४ आहे. समेला ६४ ठेवा, मधल्या ‘धिं’ला ४० च्या आसपास, ‘तिरकिट’ची चार अक्षरं एकमेकांपेक्षा वेगळी आणि त्यातलं शेवटचं थोडं उठावदार. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

त्यानंतर वेळ. ‘ईडी१’ ने बोल एक टिक मागे जातो, पण २० मिलिसेकंद हा फरक ठसठशीत आहे, अडखळल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा टेम्पो २५० आणि स्पीड १२ करा. लय तीच राहते, टिक मात्र १० मिलिसेकंदांची होते आणि बोल किंचित मागे रेलल्यासारखा ठेवता येतो. टिका दुप्पट झाल्यामुळे मींडेचे आकडे मात्र निम्मे करावे लागतील. आणि कृपा करून सगळ्या बोलांवर आडवेतिडवे आकडे फिरवू नका. तबलजी मनाला येईल तसा हलत नाही. तो मुखड्याकडे येताना ओढतो, सुटताना सैल होतो.

सुरुवात कशापासून करता? माझे तुकडे आठ-दहा सेकंदांच्या पुढे जातच नाहीत.

सगळ्यांचं हेच रडगाणं असतं. कारणही साधं आहे. ट्रॅकर एकच पॅटर्न फिरवत राहतो, तो ऐकून ऐकून गोड लागायला लागतो, आणि आपण त्यात वाद्यं ओतत बसतो. पॅटर्न भरत जातो, गाणं पुढे सरकत नाही.

मी पॅटर्न रिकामे असतानाच क्रमयादी लिहून टाकते. मुखडा कुठे, तो किती वेळा परत येणार, मधे दोन आवर्तनं नुसता तंबोरा, तिहाई कुठे. मग रिकाम्या पॅटर्नमध्ये फक्त ठेका आणि मुखड्याचा सांगाडा घालून शेवटपर्यंत एकदा ऐकते. कंटाळा आला तर यादीच चुकली, वाद्यं ओतून ती सुधारत नाही. दुसरी अट चॅनेलची: आठ. हल्लीच्या ट्रॅकरमध्ये शंभरावर मिळतात, मला आठ पुरतात. तबला, डग्गा, तंबोऱ्याचे चार, उरलेल्या दोनांत चाल आणि बेस. नवं काही आणायचं तर कशाला तरी उठवावं लागतं, आणि तंबोऱ्याच्या दोन तारा उठवल्या की मधल्या भागाला आपोआप वेगळा रंग येतो. तीन सुरांचा मेळ हवा आणि चॅनेल उरला नसेल तर ‘०४७’ लिहा. एकच चॅनेल सा, ग, प इतक्या भरभर फिरवतो की तो जुना अमिगाचा झंकार ऐकू येतो. माझ्या तुकड्यांत तो जागोजागी आहे, आणि ‘तंबोऱ्याबरोबर हे कसलं’ असं म्हणणारेही आहेत. मला आवडतो.

मैफलीत वाजवता येईल का?

पॅटर्न फिरवत ठेवून, चॅनेल बंद-चालू करत काही जण वाजवतात. मी करत नाही. ट्रॅकर मला लिहायला आवडतो.

सरळ पियानो-रोलवालं मोठं सॉफ्टवेअर का वापरत नाही?

माझ्याकडे माउसने चौकोन ओढत बसण्याची चिकाटी नाही. ट्रॅकरमध्ये हात कीबोर्डवरून उठत नाही. ज्यांना गायकाचा आवाज मुद्रित करून त्यावर काम करायचं आहे त्यांनी मात्र ते मोठं सॉफ्टवेअरच घ्यावं, ट्रॅकर त्या कामाचा नाही.

जुना लॅपटॉप चालेल?

धावेल. चार जीबी मेमरीवर माझं सगळं आरामात चालतं. पैसे खर्च करायचेच असतील तर तारेच्या हेडफोनवर करा. ब्लूटूथने आवाज उशिरा पोहोचतो आणि कळ दाबून बोल भरताना हात चुकत राहतो.

तुमच्या फाइली मिळतील का?

मिळतील, एक्सएम स्वरूपातच देते, एमपी३ नाही. उघडा, आवाज काढून घ्या, तिहाई बदला. आवाजांच्या नावांच्या जागी मी बोल आणि पट्टी लिहून ठेवलेली असते. अमिगाच्या काळात त्याच जागेत लोक एकमेकांना निरोप लिहायचे, तेव्हा तिथे एखादी ओळ माझ्यासाठी लिहून फाइल परत पाठवलीत तर आनंदच आहे.